मिस्त्रींची घोडचूक

मिस्त्रींचं सगळं आयुष्य नाट्यगृहात गेलं, पण एकही नाटक त्यांनी समोरून पाहिलं नव्हतं. त्यांची जागा विंगेत, पडद्याच्या दोऱ्यांशेजारच्या स्टुलावर. त्यामुळे त्यांच्या ओळखीचे सगळे राजे एका बाजूचे होते आणि सगळे राजवाडे मागून प्लायवुडचे. फार पूर्वी ते खुर्च्यांचे डुगडुगणारे पाय दुरुस्त करायला म्हणून तिथे आले. खुर्च्या झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "मिस्त्री, जरा ते दार बघता का, लागत नाही." ते दार बघता बघता त्यांचे केस पिकले.

वैताग हा त्यांचा स्थायीभाव होता. स्क्रूच्या जागी खिळा दिसला की ते वैतागत. ओल्या रंगाला बोट लावून "ओला आहे का?" असं विचारणारा भेटला की वैतागत. पण सगळ्यात जास्त वैतागत ते "जरा" या शब्दाला. जरा ती भिंत अलीकडे घ्या, जरा ती खिडकी मोठी करा. ते म्हणत, "जरा म्हणणाऱ्यानं जन्मात कधी भिंत उचललेली नसते."

त्यांचा मुलगा मोठे झगमगते पडदे भाड्याने द्यायचा. एक बटण दाबलं की मागे डोंगर, दुसरं दाबलं की समुद्र. नाट्यगृहातही आता अधूनमधून तो पडदा लागू लागला होता, आणि तो लावायला मुलगाच यायचा. बापलेक एकाच स्टेजवर काम करायचे, पण बोलणं कामापुरतं. "वायर पायात येतेय." "काढतो." संपलं.

सुट्टी लागायच्या सुमारास एका संध्याकाळी चहा पिताना मुलाने विषय काढलाच.

"बाबा, आता बास करा. गुडघे बोलतात तुमचे, जिना चढताना ऐकू येतं मला. आणि हल्ली कानही..."

"कानाला काय झालंय माझ्या?"

"तेच. ऐकू सगळं येतं, पण ऐकत काही नाही तुम्ही."

मिस्त्रींची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लग्न झाल्यापासून तसेच आहेत. वयाचा काही संबंध नाही."

मिस्त्रींचं डोकं फिरलं. कप खाली आपटून ते म्हणाले, "सुट्टीचं नाटक उभं करतोय मी. त्यात माझ्या हातून एक जरी चूक झाली ना, तर करवत तुझ्या हातात देईन आणि गॅलरीत बसून येणारी-जाणारी माणसं मोजेन. झालं समाधान?"

"शब्द?"

"शब्द."

बायको दारात येऊन उभी राहिली. नवऱ्याने शब्द दिला की तो फिरत नाही, हे तिला माहीत होतं. आणि नवऱ्याला गॅलरीत बसवून ठेवलं तर आठवड्याभरात तो गॅलरीचे गज उपटून परत बसवेल, हेही.

*

मुलांचं सुट्टीचं नाटक दरवर्षी असायचं. या वेळी शाळेतल्या मॅडमनी मुलांची ती जुनी कादंबरी घेतली होती, जी घरोघरी असते आणि जिची पहिली पानं घरोघरी फाटलेली असतात. गोष्ट साधी आहे. एक काका औषधांची घोडागाडी घेऊन गावोगाव फिरत असतो. त्याचा घोडा म्हातारा. ज्या दाराशी आयुष्यात एकदा थांबला, त्या दाराशी दर वेळी थांबणारच, म्हणून त्याचं नाव थांब्या. एकदा घोडा एकटाच घरी येतो, काका येत नाही. मग त्याची पुतणी थांब्याचा लगाम धरून काकाला शोधायला निघते. घोडा प्रत्येक दाराशी थांबतो, आणि काका तिथे काय करून गेला ते पोरीला कळत जातं.

पुढे काय होतं हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. मुलगा लहान असताना बायको त्याला ही कादंबरी वाचून दाखवायची. मिस्त्रीही शेजारी आडवे व्हायचे, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाराशीच त्यांचं घोरणं सुरू व्हायचं. बायको पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायची, की मिस्त्री पुन्हा तिथेच झोपायचे. शेवटापर्यंत ते कधी पोचलेच नाहीत.

नाटक वाचून घ्यावं म्हणाल, तर मॅडमचं नाटक एका जागी ठरेना. त्या बाई मनाने चांगल्या. मुलांवर कधी ओरडायच्या नाहीत, पण सकाळी उठल्या की त्यांना काहीतरी सुचलेलं असायचं. काकाचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज फुटला, तेव्हा काकाची मावशी झाली. मावशीला गोवर झाला, मग पुन्हा काका आला. नदीची विहीर झाली. मिस्त्रींनी विहिरीला छान गोल काठ केला, त्यावर शेवाळाचा रंग दिला, तो वाळायच्या आत विहिरीची परत नदी झाली.

"मिस्त्री, दारं जरा कमी करू या का?"

"केली आहेत ती सगळी, मॅडम. रंगवून झाली."

"हो, पण मुलांना बसायला जागा उरत नाही ना."

दारं कमी झाली. मग एका मुलीची आई भेटायला आली, तिच्या मुलीला दार हवं होतं, म्हणून एक दार परत आलं. मिस्त्रींनी हात टेकले. संहितेचे कागद त्यांनी रंगाच्या डब्यांखाली अंथरले, आणि मॅडम तोंडाने सांगतील तेवढंच करायचं असं ठरवलं. त्यात घोडा कुठेच नव्हता. घोडा दाखवायचा नाही, फक्त टापांचा आवाज काढायचा, असं मॅडमनी अगदी सुरुवातीला सांगितलं होतं. मिस्त्रींनी त्यासाठी लाकडाचे दोन ठोकळेही तासून दिले होते.

आणि मग एक दिवस, मिस्त्री दाराच्या बिजागरीत तोंड घालून बसले असताना, मॅडम घाईघाईत आल्या.

"मिस्त्री, दुसऱ्या अंकाला मला एक घोडा लागेल हं."

"घोडा?"

"हो. भक्कम हवा. मुलगी वर चढून बसणार आहे, हलता कामा नये. चारही पाय नीट टेकायला हवेत. आणि दुमडून ठेवता आला तर फारच छान, विंगेत जागा नाही."

मिस्त्रींनी बिजागरीतून मान वर काढली. कितीतरी दिवसांनी बाईंनी शहाण्यासारखं काहीतरी मागितलं होतं. सुताराच्या, रंगाऱ्याच्या आणि दिवे लावणाऱ्यांच्या बोलीत घोडा म्हणजे दोन बाजूंनी उघडणारी, चार पायांवर उभी राहणारी लाकडी शिडी. नाट्यगृहाचा जुना घोडा कधीचा खिळखिळा झाला होता.

"उंची किती?" त्यांनी विचारलं.

"घोड्याची असते तेवढी," मॅडम म्हणाल्या आणि गेल्या.

मिस्त्रींनी जीव ओतून घोडा केला. साठवून ठेवलेलं चांगलं लाकूड काढलं. पायऱ्या खाचा करून बसवल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, पोरीच्या फ्रॉकला कुसळ लागू नये म्हणून. बायकोलाही दाखवायला नेलं. ती एका पायरीवर बसून म्हणाली, "घरच्यासाठी कधी असं काही केलं नाहीत."

*

रंगीत तालमीच्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी घोडा स्टेजच्या मधोमध आणून उभा केला आणि हात पुसत बाजूला झाले. मुलं रंगवलेल्या चेहऱ्यांनी भोवती जमली. मागे मुलगा पडद्याच्या वायरी जोडत होता. मॅडम आल्या. शिडीकडे पाहिलं, शिडीच्या मागे पाहिलं.

"झकास. आणि घोडा कुठंय?"

"हा काय."

"हा काय म्हणजे?"

"घोडा."

"मिस्त्री, ही शिडी आहे."

"हो, म्हणजे घोडाच."

"अहो, घोडा! शेपटीचा! टाप टाप करत येतो तो!"

मग एक मूल फिसकन हसलं, आणि पाठोपाठ सगळी पोरं स्टेजवर लोळायला लागली. मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुम्हीच म्हणालात, भक्कम हवा. म्हणालात की नाही? चार पाय टेकले पाहिजेत म्हणालात. दुमडता आला पाहिजे म्हणालात! कुठला घोडा दुमडतो, मॅडम?"

"कापडाचा! बांबूचा सांगाडा आणि वर कापड! इतकं तर कोणालाही कळेल."

"तुम्हाला घोडा दाखवायचाच नव्हता! मी ठोकळे करून दिलेत!"

"ते आधी होतं!"

"तुमचं सगळंच आधी असतं!"

मिस्त्रींनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून मुलाकडे पाहिलं. मुलगा वायर हातात धरून उभा होता. तो हसला नाही. हसला असता तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी होता. मॅडमनी कपडे भाड्याने देणाऱ्याला फोन लावला. घोडा बाहेर गेलाय, तो म्हणाला. गाय आहे, पण तिचं डोकं दुरुस्तीला दिलंय. मॅडम खुर्चीत बसल्या.

"पडद्यावर दाखवू या का घोडा?" मुलगा म्हणाला.

मिस्त्रींना तो पडदा स्टेजवर नकोच होता. पण बोलायची सोय नव्हती.

मुलाने घोडा शोधला. पांढराशुभ्र, आयाळ उडवत वाळूवरून दौडणारा. मुलं आ वासून बघत राहिली. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीचे पुढचे दोन दात पडलेले होते, म्हणून सगळे तिला फटी म्हणायचे. ती पडद्यासमोर उभी राहून म्हणाली, "थांब, थांब्या!"

मुलाने बटण दाबलं. घोडा थांबला, पण हवेत. चारही पाय वर, ओठ उलटे, एक डोळा मिटलेला.

"हा थांबला नाहीये. हा पडतोय," फटी म्हणाली.

पुन्हा करून पाहिलं. आता घोड्याचं फक्त बूड दिसत होतं. पळताना तो देखणा होता, पण उभं राहणं त्याला जमत नव्हतं, आणि या गोष्टीतल्या घोड्याला नेमकं तेवढंच जमायला हवं होतं. मुलगा बटणं दाबत राहिला. मॅडम म्हणाल्या, "जरा पाय खाली घेता येतील का त्याचे?" बापाच्या चेहऱ्यावर असायचा तसाच भाव मुलाच्या चेहऱ्यावर उमटला.

मोठ्यांच्या या कटकटीला कंटाळून फटी शिडीवर चढली होती. वरच्या पायरीवर दोन्हीकडे पाय सोडून बसली आणि शिडीची कड थोपटत स्वतःशीच तिचं वाक्य म्हणू लागली. "चल ना रे. इथे तर दारच नाहीये. इथे कशाला थांबलास?"

शिडी अर्थातच हलली नाही. ती न हलण्यासाठीच केली होती.

मॅडम खुर्चीतून उठल्या. "पुन्हा म्हण."

"ए, खाली उतर!" मिस्त्री ओरडले. "शिडी आहे ती!"

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "मिस्त्री, मघाशी घोडा होता. आता शिडी झाली. एकदा काय ते ठरवा."

शिडीच घोडा ठरली.

मग वाद पेटला तो कानांवरून. मॅडमना पुठ्ठ्याचे कान खिळ्याने ठोकायचे होते. मिस्त्री शिडीला पाठ लावून उभे राहिले. "माझ्या कामाला खिळा लागणार नाही. कान बघणाऱ्यांनी मनात लावावेत." शेवटी पाठीवर एक घोंगडी आणि पुढे दोरीचा लगाम, एवढ्यावर तह झाला.

"जरा चाकं लावता का?"

"वर पोरगी चढणार आणि खाली चाकं? मी असेपर्यंत तरी नाही."

मग घोडा चालवायचा कोणी? नाट्यगृहाची माणसं दारं सरकवायला आणि पडद्याला पुरी पडत नव्हती. पडद्यावर आता नुसतं आकाश राहणार होतं, त्यामुळे मुलगा मोकळा होता. मॅडमनी दोघांकडे पाहिलं.

"पुढचे पाय मी," मिस्त्री म्हणाले.

"मग मागचे मी," मुलगा म्हणाला. "दुसरं काय उरलंय."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं, पदर तोंडावर धरला, आणि इतकंच म्हणाली, "याला म्हणतात घोडचूक." मुलगा त्यावर हसला. मिस्त्री ताटावरून उठले.

*

सकाळी नाट्यगृह भरलं. मिस्त्रींनी लवकर जाऊन थांब्याच्या प्रत्येक थांब्याची खूण खडूने जमिनीवर केली होती. पडदा उघडायच्या आधी मॅडमना अर्थातच काहीतरी सुचलं. त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. मिस्त्री तेव्हा बिजागरी आवळत होते आणि त्यांच्या तोंडात स्क्रू होते. "हं, हं," ते म्हणाले.

दुसरा अंक सुरू झाला. काळे कपडे, काळ्या टोप्या घातलेले बापलेक शिडी उचलून निघाले. लगाम धरून फटी शेजारून चालत होती. मिस्त्रींना गुडघे वाकवून चालावं लागत होतं, आणि गुडघे बोलत होते.

"बाबा, हळू."

"घोडा आहे, कासव नाही."

"मला पुढचं काही दिसत नाही."

"मागच्या पायांनी बघायचं नसतं. चल."

पुढच्या रांगेतली काही पोरं आधी हसली. पहिल्या दाराशी घोडा थांबला, दार उघडलं, म्हातारी बाहेर आली. दुसऱ्या दाराशी थांबला. तिसऱ्या दारानंतर पोरं हसायची थांबली. घोडा निघाला की ती आधीच कुजबुजायची, "आता थांबेल बघ."

मिस्त्रींची नजर खाली, खडूच्या खुणेवर होती. अजून एक दार बाकी. ते पुढे निघाले, आणि शिडी हिसक्याने जागच्या जागी राहिली.

"चल की," मिस्त्री ओठ न हलवता म्हणाले.

"इथंच थांबायचंय."

"खूण पुढं आहे."

"ते दार काढलं सकाळी. मॅडमनी सांगितलं. तुम्ही हं म्हणालात."

"कधी?"

"बाबा, आता नदीच आहे. मला पाठ आहे हे. आईनं किती वेळा वाचलंय."

मिस्त्रींनी तरीही एक ओढ दिली. मुलाने मागून पाय रोवले. घोड्याचं पुढचं अंग निघालं होतं, मागचं जागचं हलत नव्हतं. घोंगडी थरथरली.

"चल ना रे," फटी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "इथे तर दारच नाहीये. इथे कशाला थांबलास?"

काळोखातून एक मूल ओरडलं, "तो उगाच नाही थांबत! वर चढून बघ!"

मिस्त्रींनी ओढ सोडली. शिडीचे चारही पाय जमिनीला टेकले. फटी एकेक पायरी चढत वर गेली, हात डोळ्यांवर धरून दूर पाहिलं, आणि किंचाळली, "काका!"

पाय मोडलेला काका नदीकाठी पडला होता. तो कुठे पडला ते घोडाच जाणत होता, कारण तिथेही तो काकासोबत एकदा थांबला होता. सरपटत सरपटत काका घोड्याशी आला, त्याचा पाय धरला, खरं तर मिस्त्रींचाच हात धरला, आणि म्हणाला, "इतका उशीर? सगळ्या दारांशी थांबत आलास ना, गाढवा!"

सगळं नाट्यगृह हसलं, आणि त्या हसण्यात बरेच जण नाक ओढत होते. मिस्त्रींनी मान वर केली. स्टेजवरून त्यांना पहिल्यांदाच समोरची माणसं समोरून दिसत होती. चौथ्या रांगेत त्यांची बायको बसली होती आणि सगळी वाक्यं नटांच्या आधी ओठांनी म्हणत होती.

"असा शेवट आहे होय," मिस्त्री पुटपुटले.

"हं," मागचे पाय म्हणाले.

*

घरी आल्यावर मिस्त्रींनी कपाटामागची करवत काढली, फडक्याने पुसली आणि मुलासमोर धरली.

"घे. एक नाही, दोन चुका झाल्या."

मुलाने करवतीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि घेऊन गेला.

मिस्त्री बघतच राहिले. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "नको बाबा, असू दे, असं एकदा म्हणायची काही रीत असते की नाही?"

"तुम्ही शब्द दिला होता ना?"

"तोंडदेखलं तरी म्हणावं माणसानं!"

दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत जाऊन बसले. येणारी-जाणारी माणसं फारशी नव्हती. समोरच्या घराचं फाटक लागत नव्हतं, आणि ते उघडणारा प्रत्येक जण ते आणखी वाकडं करत होता. मिस्त्रींना ते बघवेना. तेवढ्यात फोन वाजला.

"मिस्त्री, लोकांना फार आवडलं हो! पुढच्या प्रयोगाला मला जरा एक गाडी लागेल."

मिस्त्रींनी दीर्घ श्वास घेतला. "मॅडम, करवत आता मुलाकडे असते. त्याला सांगा." आणि फोन ठेवला. फार बरं वाटलं. चहा प्यावासा वाटला.

चहा संपायच्या आत मुलगा जिना चढून आला. हातात करवत, कपाळावर आठ्या.

"बाबा, ही बाई काय आहे? म्हणते गाडी हवी, भक्कम हवी, उद्यापर्यंत हवी, जरा रंगीत हवी."

"मग? तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"कसली गाडी, विचारलंस?"

मुलाने करवत या हातातून त्या हातात घेतली.

"घोडागाडी? हातगाडी? मोटार? खेळण्यातली?" मिस्त्री खुर्चीतून उठले. गुडघे वाजले. "विचारलं नाहीस. नुसता हं म्हणालास. माझा मुलगा शोभतोस खरा! आण इकडे तो फोन. आणि करवत अशी नाही धरायची, हात कापून घेशील. अशी धर."